छातीच्या गाठीची गोळी आणि गर्भाशय

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बाजाराचा दिवस होता, दवाखान्यात गर्दी होती. एकसष्ट वर्षांच्या एक काकू सुनेबरोबर आल्या. पाळी जाऊन दहा वर्षे झालेली. गेल्या दोन महिन्यांत तीन-चार वेळा लुगड्याला डाग दिसला होता. "उष्णता झाली असेल म्हणून सब्जा घेतला, गुलकंद घेतला, पण परत दिसलं," असे त्या म्हणाल्या. मी तपासले. वयोमानाने आतली त्वचा कोरडी झाली होती. अशा कोरडेपणामुळेही कधीकधी रक्त दिसते. "दुसरं काही औषध चालू आहे का?" असे मी विचारले. "बीपीची गोळी तेवढी," त्या म्हणाल्या. मी मलम लिहून दिले आणि पुढच्या पेशंटला बोलावले.

दोन महिन्यांनी काकू पुन्हा आल्या, तेव्हा रक्त वाढले होते. या वेळी सुनेने औषधांची पिशवीच सोबत आणली होती. ती टेबलावर रिकामी केली तेव्हा बीपीच्या गोळ्यांबरोबर आणखी एक पट्टी निघाली. टॅमॉक्सिफेन, वीस मिलिग्रॅम.

"काकू, ही कसली गोळी?"

"ती होय? ती छातीच्या गाठीची. चार वर्षं झाली घेतेय. तिचा आणि पिशवीचा काय संबंध?"

संबंध होता. काकूंच्या गर्भाशयाच्या अस्तराला कॅन्सर झाला होता. सुदैवाने तो अस्तराच्या पलीकडे फारसा गेला नव्हता. ऑपरेशन झाले आणि काकू आजही ठणठणीत आहेत. दरवर्षी शेवग्याच्या शेंगा घेऊन येतात. मात्र ते दोन महिने माझ्या हातून वाया गेले, हे मी विसरलेलो नाही. छातीचे ऑपरेशन कधी झाले आहे का, एवढा एकच प्रश्न मी विचारला असता तर ते वाया गेले नसते. आजचा लेख त्यासाठीच लिहीत आहे.

गोळी काय करते?

स्तनाच्या कॅन्सरच्या सर्व गाठी सारख्या नसतात. बऱ्याच गाठींची वाढ इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर होते. गाठीचा तुकडा तपासला की रिपोर्टमध्ये 'ई.आर. पॉझिटिव्ह' असे लिहून येते. त्याचा अर्थ असा की, त्या पेशींवर इस्ट्रोजेनची कुलपे आहेत. इस्ट्रोजेनची किल्ली त्यात फिरली की पेशी वाढू लागते.

टॅमॉक्सिफेन ही त्या कुलपात बसणारी पण न फिरणारी किल्ली आहे. ती आत अडकून बसते, त्यामुळे खऱ्या किल्लीला जागा उरत नाही आणि पेशीची वाढ थांबते. म्हणून ऑपरेशन, किरणोपचार, सलाइनमधून दिली जाणारी औषधे हे सर्व संपल्यावरही ही छोटी गोळी रोज एक याप्रमाणे पाच वर्षे, आणि काही बायकांना दहा वर्षे, घ्यावी लागते.

गंमत अशी की, हे औषध मुळात कॅन्सरसाठी शोधलेलेच नव्हते. इंग्लंडमधील आयसीआय या कंपनीत १९६२ साली डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ते तयार केले. आर्थर वॉलपोल यांच्या हाताखालील हा गट संततिनियमनाच्या गोळीच्या शोधात होता. ते काम या औषधाने केले नाहीच, उलट स्त्रीबीज बाहेर पडायला मदत केली. पुढे मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर त्याचा प्रयोग झाला आणि १९७१ साली त्याचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९७३ साली इंग्लंडमध्ये आणि १९७७ च्या अखेरीस अमेरिकेत या उपचारासाठी त्याला परवानगी मिळाली. त्यानंतर जगभर लाखो बायकांचे प्राण या गोळीने वाचवले. ती महाग नाही, हा आपल्यासारख्या देशात आणखी एक मोठा गुण.

मग गर्भाशयाला धोका का?

कारण तीच किल्ली सर्व कुलपांत सारखी वागत नाही. स्तनाच्या कुलपात ती अडकून बसते, गर्भाशयाच्या अस्तरातल्या कुलपात मात्र थोडीशी फिरते. म्हणजे स्तनात जे औषध इस्ट्रोजेनला अडवते, तेच गर्भाशयात इस्ट्रोजेनसारखे काम करते. पाळी गेल्यावर हे अस्तर पातळ आणि शांत झालेले असते. त्याला वर्षानुवर्षे असा हलका धक्का मिळत राहिला, की काही जणींत ते जाड होते, काहींत द्राक्षाच्या मण्यासारखा मांसल पॉलिप वाढतो आणि थोड्या जणींत कॅन्सर होतो. अस्तराखालच्या स्नायूंचा, अधिक घातक असा कॅन्सरही क्वचित आढळतो.

ही गोष्ट १९८० नंतरच्या दशकात ध्यानात येऊ लागली. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे पाळी गेलेल्या १८४६ बायकांची पाहणी झाली. निम्म्या बायकांना रोज चाळीस मिलिग्रॅम, म्हणजे आजच्या दुप्पट मात्रेने, टॅमॉक्सिफेन दिले होते. १९८९ साली त्याचा अहवाल आला. गोळी घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या अस्तराचे १३ कॅन्सर आढळले आणि न घेणाऱ्यांत फक्त २.

पुढे अमेरिका व कॅनडात १३,३८८ बायकांवर मोठी पाहणी झाली. स्तनाचा कॅन्सर झालेला नाही पण होण्याचा धोका जास्त आहे, अशा या बायका होत्या. १९९८ साली निष्कर्ष आले. गोळीने स्तनाचा कॅन्सर जवळजवळ निम्म्याने कमी झाला. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर मात्र अडीच पट झाला. पन्नाशीच्या पुढे तो चौपट होता, तर पन्नाशीच्या आतल्या बायकांत म्हणण्यासारखी वाढ दिसली नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या अहवालात गोळी घेणाऱ्या बायकांत सापडलेले हे सर्व कॅन्सर पहिल्या टप्प्यातले होते, म्हणजे ऑपरेशनने बरे होण्याजोगे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९६ सालीच टॅमॉक्सिफेनची नोंद कॅन्सर घडवू शकणाऱ्या पदार्थांत केली. त्याच जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही टॅमॉक्सिफेन आहे. वाचकांना हे विचित्र वाटेल, पण दोन्ही नोंदी खऱ्या आहेत.

'अडीच पट' म्हणजे नक्की किती?

'अडीच पट', 'चौपट' हे शब्द ऐकले की छातीत धस्स होते. पण कशाच्या चौपट, हे विचारायला हवे. अमेरिकेतील त्या पाहणीत गोळी न घेणाऱ्या हजार बायकांमागे वर्षाला साधारण एकीला हा कॅन्सर झाला आणि गोळी घेणाऱ्या हजारांमागे वर्षाला दोघींना किंवा थोडे अधिक. म्हणजे हजारातल्या नऊशे सत्त्याण्णव जणींना त्या वर्षी काहीच झाले नाही.

आता तराजूचे दुसरे पारडे बघू. पाच वर्षे गोळी घेऊन झालेल्या बायकांनी ती तिथेच थांबवावी की दहा वर्षांपर्यंत घ्यावी, यावर अनेक देशांत मिळून झालेल्या 'ॲटलस' या पाहणीचे निष्कर्ष २०१२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यातील पाचव्या ते चौदाव्या वर्षापर्यंतचा हिशेब हजार बायकांच्या भाषेत सांगतो.

पाच वर्षांनी थांबलेल्या हजार बायकांत सोळा जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झाला आणि दोघी त्याने दगावल्या. दहा वर्षे गोळी घेतलेल्या हजारांत एकतीस जणींना झाला आणि चौघी दगावल्या. म्हणजे दोन मृत्यू जास्त. पण ई.आर. पॉझिटिव्ह असलेल्या बायकांत, पाच वर्षांनी थांबलेल्या हजारांमागे दीडशे जणी स्तनाच्या कॅन्सरने दगावल्या, तर दहा वर्षे घेणाऱ्यांत एकशे बावीस. म्हणजे अठ्ठावीस मृत्यू कमी.

एका पारड्यात दोन आणि दुसऱ्यात अठ्ठावीस. हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला तर गोळी का देतात, हे समजते. त्याचबरोबर गर्भाशयाकडे लक्ष का ठेवायचे, हेही समजते.

गोळी सोडू नका

हे मी इतके लांबण लावून सांगतो आहे, त्यालाही कारण आहे. तीन वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातली एक ताई माझ्याकडे आली. वय सेहेचाळीस. छातीचे ऑपरेशन होऊन साडेतीन वर्षे झाली होती. आता पाठ दुखत होती. सोयाबीनच्या काढणीत वाकून काम केल्याने असेल, असे घरच्यांना वाटत होते. "गोळी चालू आहे ना?" मी विचारले. ती खाली बघू लागली. नवरा म्हणाला, "दोन वर्षांपूर्वीच बंद केली, साहेब. पाव्हण्यांत कुणीतरी सांगितलं, त्या गोळीनं पिशवीचा कॅन्सर होतो म्हणून."

आजार मणक्यात पोचला होता. गोळी चालू असती तर तो उलटलाच नसता, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण पाच वर्षे गोळी घेतल्याने पंधरा वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे सिद्ध झालेले आहे. त्या ताईला मिळू शकणारी ती संधी कुणाच्या तरी अर्धवट माहितीने गेली. शिवाय तिचे वय पाहता, गर्भाशयाची जी भीती तिला घातली होती ती फारशी लागूही नव्हती.

काकूंनी डाग अंगावर काढला, ताईने गोळी सोडली. माझ्या अनुभवात याच दोन चुका पुन्हा पुन्हा होतात.

कोणते लक्षण दिसले की लगेच यावे?

पाळी बंद होऊन वर्ष झाले असेल, तर त्यानंतर दिसलेला एक डागसुद्धा दुर्लक्षून चालणार नाही. लाल असो, तपकिरी असो, गुलाबी पाणी असो, एकदाच दिसून थांबलेला असो. 'उष्णता', 'जाग्रण', 'वजन उचलले' अशी कारणे आपली आपण ठरवू नयेत. पाळी चालू असणाऱ्यांनी दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, पाळी एकदम जास्त किंवा लांबलेली येणे याकडे लक्ष द्यावे. रक्तमिश्रित किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ओटीपोटात सतत दुखणे किंवा जड वाटणे हीही सांगण्याची लक्षणे आहेत. नुसते पांढरे पाणी या गोळीने बऱ्याच जणींना जाते. त्याने घाबरून जाऊ नये, पण डॉक्टरांच्या कानावर घालावे.

गोळी संपली म्हणून लक्ष काढून घेऊ नका. धोका गोळी थांबल्यावरही काही वर्षे राहतो. ज्या बायकांचे वजन जास्त आहे, ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांच्या घराण्यात गर्भाशयाचा अथवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला आहे, त्यांनी अधिक जागरूक राहावे.

एका पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. या गोळीने क्वचित शिरेत रक्ताची गुठळी होते. कुठलेही ऑपरेशन ठरले, तर ही गोळी चालू असल्याचे सर्जनला आधी सांगावे.

तपासणी कोणती?

रक्त दिसले असेल तर तपासणीची मुख्य गोष्ट म्हणजे अस्तराचा तुकडा काढून तो प्रयोगशाळेत पाठवणे. कधी बारीक नळीने तुकडा घेता येतो, कधी दुर्बिणीने आत पाहून घ्यावा लागतो, कधी 'पिशवी साफ' करावी लागते. कशीही काढा, पण बायॉप्सी झालीच पाहिजे. आपल्याकडे पिशवी साफ होते, रक्त थांबते आणि पैसे वाचवण्यासाठी तुकडा तपासणीला जातच नाही. पिशवी साफ करण्याचा खर्च केला आणि तुकडा फेकून दिला, तर तो खर्च वाया गेला असे समजा. घरी जाताना विचारा, "तुकडा पाठवला का? रिपोर्ट कधी मिळेल?"

सोनोग्राफी उपयोगी आहे, पण या गोळीच्या बाबतीत ती चकवते. टॅमॉक्सिफेनने अस्तराखालच्या थरातही बदल होतात आणि कॅन्सर नसतानाही अस्तर जाड दिसते. म्हणून ज्यांना कोणताही त्रास नाही, त्यांनी दरवर्षी सोनोग्राफी करत बसावे, असे तज्ज्ञ सांगत नाहीत. त्यातून विनाकारण बायॉप्सी, खर्च आणि घोर लागतो. वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे आणि डाग दिसला की तत्काळ यावे, हा सोपा नियम पुरेसा आहे.

आणखी एक. 'पुढे कटकट नको, आधीच पिशवी काढून टाका' असा आग्रह काही नातेवाईक धरतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न राज्यभर गाजला, तो वाचकांना आठवत असेल. केवळ गोळी चालू आहे म्हणून निरोगी गर्भाशय काढू नये. ऑपरेशनचे स्वतःचे धोके असतात.

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ४१, पाळी चालू आहे. मला किती धोका?
उत्तर : पाळी चालू असणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका पाळी गेलेल्यांपेक्षा बराच कमी असतो. तुम्हाला वेगळ्या तपासण्यांची गरज नाही. मात्र या गोळीवर असताना दिवस राहू देऊ नका. गर्भाला अपाय होतो. पाळी अनियमित झाली म्हणून दिवस राहणारच नाहीत, असे समजू नका. संततिनियमनाच्या हार्मोनच्या गोळ्या तुम्हाला चालणार नाहीत, तांबी किंवा निरोध वापरावा.

प्रश्न : गर्भाशयाच्या तोंडाची पॅप तपासणी नॉर्मल आली. मग आता काळजी नाही ना?
उत्तर : ती तपासणी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी असते. आपण बोलतो आहोत तो आतल्या अस्तराचा कॅन्सर. घराची चौकट पाहिली म्हणजे माजघर पाहिले असे होत नाही. पॅप नॉर्मल असली तरी डाग दिसल्यास बायॉप्सी करावीच लागते.

प्रश्न : पाळी गेलेली आहे. दुसऱ्या कारणाने केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ९ मिलिमीटर निघाले. रक्त नाही. झोप लागत नाही.
उत्तर : या गोळीवर असताना असे आकडे नेहमी दिसतात. रक्त नसेल तर केवळ आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही. रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. आत पॉलिपसारखे काही दिसते का, ते पाहून ते ठरवतील.

प्रश्न : गर्भाशयाला धोका नसलेली गोळी आहे का?
उत्तर : आहे. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन ही औषधे शरीरात इस्ट्रोजेन तयार होणेच कमी करतात, त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराला तो धोका नसतो. पाळी गेलेल्या बायकांना आता बहुधा तीच देतात. पाळी चालू असताना मात्र ती एकटी देऊन उपयोग नाही, बीजकोशांचे कामही थांबवावे लागते. त्यांनी हाडे ठिसूळ होतात, सांधे दुखतात. काहींना ती सोसत नाहीत, मग टॅमॉक्सिफेनच द्यावे लागते. कोणती गोळी तुमच्यासाठी, हे कॅन्सरच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. शेजारणीची गोळी बदलली म्हणून आपली बदलू नये.

प्रश्न : समजा कॅन्सर निघाला, तर?
उत्तर : लवकर सापडला तर गर्भाशय, नळ्या व बीजकोश काढून बहुतेक बायका बऱ्या होतात. कॅन्सरचे डॉक्टर टॅमॉक्सिफेन थांबवून दुसरे औषध सुरू करतात.

शेवटी घरच्या मंडळींना एक विनंती. आपल्या घरात आई, सासू, आत्या यांपैकी कुणाचे छातीचे ऑपरेशन झाले असेल, तर आज त्यांची औषधाची पिशवी बघा. गोळीचे नाव एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, गोळी कधी सुरू झाली ती तारीख लिहा, आणि तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी तो दाखवा. काकूंनी मला गोळीचे नाव सांगितले नाही, कारण 'छातीच्या' गोळीचे नाव 'पिशवीच्या' डॉक्टरला सांगायचे असते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. आणि डाग पडल्याची गोष्ट सुनेला सांगायलाही त्यांना दोन महिने लागले, कारण या वयात असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, असे त्या मानत होत्या.

बोलायच्या असतात. गोळी चालू ठेवायची आणि डाग दिसला की त्याच आठवड्यात सांगायचे, एवढे दोन नियम पाळले तर भीती बाळगण्याचे फारसे कारण उरत नाही.